तीन रकाने, एक कंबर

मी फिजिओथेरपिस्ट आहे हे एकदा कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा माणसं मला सोडत नाहीत. शेजारचे पाहुणे जेवता जेवता विचारतात, "मॅडम, कमरेसाठी व्यायाम सांगा ना. एकच, पण पक्का." नोकरीतली बरीचशी वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. आता मी उलट विचारते, "तुम्ही रोज कोणता कराल?" पाहुण्यांचा चेहरा पडतो. एवढं शिकून बाईंना एक व्यायाम सांगता येत नाही, असं त्यांना वाटत असणार. ते वाटू दे. हे उत्तर मला फुकट मिळालेलं नाही, आणि ते कसं मिळालं तेच आज लिहायचं ठरवलं आहे.

नागपुरात इतवारीजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी फिजिओथेरपी विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे दोन खोल्या, चार टेबलं, शेक द्यायची यंत्रं आणि वर गच्ची. येणारी माणसं बाजारातली. धान्याची पोती वाहणारे हमाल, ठेलेवाले, दिवसभर गादीवर मांडी घालून बसणारे शेठ, चांदीवर मान मोडून काम करणारे कारागीर, खानावळीत उभ्यानं पोळ्या लाटणाऱ्या बाया. माझं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. मी 'शेकवाल्या मॅडम' होते.

कंबर दुखते म्हणून आलेल्या बहुतेक माणसांत नेमकं काय दुखतंय, हाड की नस की स्नायू, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. बाहेरच्यांना हे ऐकून धक्का बसतो, पण आमच्या धंद्यातलं हे उघड सत्य आहे. पायातली ताकद गेली, लघवी-संडासचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, ताप आहे, वजन उतरतंय, माणूस पडला आहे, असं काही असेल तर तो तातडीचा मामला. डॉक्टर ते आधी तपासतात. तसं काही नसेल तर उरते ती साधी, हट्टी, पुन्हा पुन्हा येणारी कंबरदुखी. पण पेशंटला दुखण्याचं नाव हवं असतं. 'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकली', 'नस दबली'. एक्स-रे फोटो काढला की काहीतरी दिसतंच. कधीच कंबर न दुखलेल्या माणसाचा काढला तरी वयानुसार दिसतं, जसे केस पांढरे दिसतात.

अशा कंबरेला व्यायामानं फायदा होतो, यावर आमच्यात वाद नाही. भांडण आहे ते कोणत्या व्यायामानं, यावर.

माझा पक्ष ठाम होता. पोटाच्या आतल्या थरातले स्नायू हळूच आवळून धरायचे, श्वास चालू ठेवायचा आणि कंबर जागची न हलवता एकेक हात, एकेक पाय उचलायचा. पुण्याला जाऊन मी हे रीतसर शिकले होते. बारीक काम आहे. पेशंटच्या पोटावर बोटं ठेवून तो स्नायू जागा झाला की नाही हे मला कळायचं, आणि त्या कळण्याचा मला अभिमान होता. आधी कंबर आतून बांधून घ्या, मग बाकीचं, हा माझा मंत्र होता.

मग आमच्याकडे मेश्राम रुजू झाले. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कन्हानचे, वडील कोळशाच्या खाणीत होते. त्यांचा मार्ग अगदी सरळ. माणसाला चालवा. जे काम त्यानं भीतीपोटी सोडलंय तेच थोडं थोडं करून पुन्हा करायला लावा. वाकणं सोडलं असेल तर वाकवा, उचलणं सोडलं असेल तर आधी एक किलो उचलायला द्या, मग दोन.

"आणि लागलं तर?" मी विचारायची.

"मॅडम, थोडं दुखेल. दुखणं आणि लागणं एक नाही होत."

तिसऱ्या होत्या लांजेवारबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, सकाळी आमच्या गच्चीवर योगासनांचा वर्ग घ्यायच्या. त्यांच्या मते आम्ही दोघंही माणसाचं शरीर बघत होतो आणि श्वास विसरत होतो.

रोज चहाच्या वेळी हाच वाद. एक दिवस लांजेवारबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दोघं रोज भांडता काहून गा? लिहून ठेवा न. कोणाचा माणूस बरा होते, ते दिसूनच जाईल."

म्हणून रजिस्टर आलं. याला संशोधन म्हणायची सोय नाही. ते भांडणच होतं, फक्त आखलेल्या कागदावर. डॉक्टरांनी तपासून पाठवलेला, धोक्याचं काही नसलेला कंबरेचा पेशंट आला की त्याला सगळं समजावून सांगायचं, त्याची तयारी असेल तर डब्यातून चिठ्ठी काढायला लावायची. तीन प्रकारच्या चिठ्ठ्या, रजिस्टरात तीन रकाने. सुरुवातीला, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी प्रत्येकाला तेच प्रश्न: किती दुखतं, काय काय करता येतं, सांगितलेलं अजून करता का. निकाल काय लागणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पहिल्या पानावर मी सुंदर अक्षरात शीर्षकसुद्धा लिहिलं.

वसंता धकाते आला तो याच दिवसांत. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. घराणं विणकरांचं. वडिलांपर्यंत घरात हातमाग होता, वसंता मात्र इतवारीत कापडाच्या गाठी वाहायचा. कमरेला जाड पट्टा, आणि खुर्चीत बसताना असा बसला की जणू खिशात अंडी आहेत. कितीतरी महिने तो कामावर गेलेला नव्हता. डॉक्टरांच्या तपासणीत धोक्याचं काही नव्हतं.

"आता कसं आहे?" मी विचारलं.

"दुखणं कमी आहे मॅडम. पण सांगतलं तसं जपून राहिलो."

"काय काय जपता?"

"सबन काही. वाकत नाही. बादली उचलत नाही. चप्पलसुद्धा बायको सरकवून देते."

त्यानं डब्यात हात घातला. चिठ्ठी मेश्रामांची निघाली. मला वाईट वाटलं. इतका घाबरलेला माणूस, याला तर माझ्याच बोटांची गरज होती.

मेश्रामांनी त्याला चालायला लावलं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग गांधीबागेपर्यंत. पट्टा रोज थोडा वेळ काढून ठेवायला सांगितला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका पिशवीत वाळू भरून आणली आणि जमिनीवर ठेवली. मी शेजारच्या टेबलावर माझ्या पेशंटच्या पोटावर हात ठेवून बसले होते.

"उचला वसंतभाऊ," मेश्राम म्हणाले. "जशी पहिले उचलत होते तशी."

वसंता पिशवीकडे बघत राहिला. कपाळावर घाम. मग पाठ गोल करून तो हळूहळू खाली जाऊ लागला, हात पिशवीपर्यंत पोचणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "थांबा! मेश्राम, असं वाकवू नका त्यांना! पोट आवळलेलं नाही, काही नाही. उद्या काही झालं तर?"

वसंता तिथेच थिजला. मग भिंत धरून एकेक इंच वर आला. मेश्रामांचे कान लाल झाले होते. वसंतानं दोघांकडे पाहिलं, कोपऱ्यातला पट्टा उचलायला मला सांगितलं, मी दिला, त्यानं तो आवळून बांधला.

"तुम्ही दोघं पहिले ठरवून घ्या," तो म्हणाला. "मंग मले सांगा."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवडाभर आला नाही. फोन उचलला नाही.

मेश्राम मला एकच वाक्य बोलले. "मॅडम, तो माह्या रकान्यातला होता." त्या दिवशी चहा कुणी घेतला नाही.

मला राग आला होता, खरं सांगायचं तर मेश्रामांचाच. पण रजिस्टरात त्याच्या नावापुढची जागा रिकामी राहणं मला बघवेना. पेशंट मध्येच सुटला तर कोणाचा व्यायाम चांगला हे कसं कळणार? हट्ट म्हणा, पण पुढच्या सोमवारी दुपारी मी मेश्रामांना स्कूटरवर मागे बसवलं आणि तांडापेठेत वसंताचं घर शोधून काढलं.

दार त्याच्या बायकोनं, इंदूनं उघडलं. ती नुकतीच शाळेच्या खिचडीच्या कामावरून आली होती. वसंता आतल्या खोलीत लाकडी पलंगावर झोपलेला. मी ओळख सांगितली तशी तिनं मला नीट न्याहाळलं.

"तुम्हीच का त्या मॅडम?"

"कोणत्या?"

ती आत गेली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद सोडवून घेऊन आली. कागद आमच्या दवाखान्याचा. अक्षर माझं. सही माझी. 'पुढे वाकू नये. वजन उचलू नये. कंबर आयुष्यभर जपावी.' आयुष्यभर या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या.

मला काही म्हणजे काही आठवेना. इंदूनंच सांगितलं. वर्षापूर्वी बाजारात आम्ही एक मोफत शिबिर घेतलं होतं. वसंताच्या कंबरेत चमक भरली होती, म्हणून तो रांगेत उभा राहिला होता. गर्दी फार होती. मी त्याला बघितलं, चार वाक्यं बोलले, कागद लिहून दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. माझ्या दिवसातलं अर्धं मिनिट गेलं असेल. त्यानं तो कागद कपाटात लावला आणि वर्षभर तंतोतंत पाळला.

"चमक तं आठ दिवसात गेली होती," इंदू म्हणाली. "पण हे मले म्हणे, मोठ्या मॅडमनं लिहून देल्लं आहे, आयुष्यभर. मी म्हणलं अवो, एखादी गाठ उचलून तं पाहा. नाही म्हणे. एकडाव वाकले तं पुन्हा भरली चमक. तवापासून पट्टा सुटला नाही. माणूस पलंगावर अन् मी बाहेर. तुमच्या कागदानं वं मॅडम, दुसऱ्या कशानं नाही."

मेश्राम खिडकीबाहेर बघत होते. मला वाटतं, ती त्यांची सभ्यता होती.

मी आत जाऊन पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"वसंतभाऊ, हे मी लिहिलं ते चूक होतं. तुमची कंबर मजबूत आहे. वाकायला हरकत नाही. तेव्हाही नव्हती."

तो छताकडे बघत होता. "मंग तवा खोटं बोलल्या का आता खोटं बोलून राहिल्या?"

"खोटं नाही बोलले. तेव्हा मला तसंच वाटत होतं. चुकलं माझं."

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "मले एक वर्ष झालं मॅडम. बाजारात लोक मले विचारतात, वसंता, काहून गा, मोडला का? मी म्हणतो, हो, मोडलो. तुमच्या सहीनं मोडलो." आणि मग, अगदी शांतपणे, "तुम्ही वाकता का?"

"म्हणजे?"

"तुम्ही स्वतः. पाठ गोल करून. जमिनीवरची वस्तू उचलता का?"

मी उचलत नव्हते. कित्येक वर्षं मी गुडघे मोडून, पोट आवळून, पाठ ताठ ठेवून खाली बसत होते, पेनाचं टोपण उचलायचं असलं तरी. लोकांना शिकवता शिकवता मीही त्याच धाकात राहत होते आणि त्याला शिस्त म्हणत होते.

"नाही उचलत," मी म्हणाले.

"तं मंग या उद्या. सोबत वाकू. तुम्ही वाकल्या तं मी वाकीन."

दुसऱ्या दिवशी मेश्रामांनी वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या. मी पदर खोचला आणि विभागातल्या सगळ्यांसमोर पाठ गोल करून वाकले. अंगावर काटा आला, हे कबूल करते. पिशवी वर आली. कंबरेत काही तुटलं नाही. वसंतानं माझ्याकडे बघितलं, पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि वाकला. वर आला तेव्हा त्याचा श्वास जोरात चालला होता.

"आणखी एक डाव," तो म्हणाला.

इथून पुढे सगळं सरळ झालं असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. त्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात, पिशवी चांगली जड झाल्यावर, वसंता सकाळी भिंत धरून आला. घरी पाण्याचा ड्रम सरकवताना कंबर धरली होती. चेहरा पुन्हा तोच, जुना. मेश्राम वडिलांच्या आजारपणासाठी कन्हानला गेलेले. डॉक्टरांनी पुन्हा तपासून पाहिलं, पायाची ताकद ठीक, बाकी सगळं ठीक. आता निर्णय माझा.

मी त्या वेळी काय करू पाहत होते ते लपवणार नाही. माझा हात पट्ट्याकडे गेला होता. तीस वर्षांची सवय सांगत होती, झोपवा, शेक द्या, थोडे दिवस सगळं बंद करा. मी फोन करून मेश्रामांना विचारलं.

"तुम्हाला काय वाटते मॅडम?" ते म्हणाले.

"थांबवावंसं वाटतं."

"अन् त्याले काय वाटते?"

मी फोन ठेवला. वसंताला विचारलं. तो दात आवळून म्हणाला, "बंद केलं तं मी पुन्हा नाही येत मॅडम. मले माहीत आहे, मी कसा आहो."

"मग बंद नाही करायचं. कमी करायचं."

त्या दिवशी आम्ही खोलीतल्या खोलीत चाललो. पिशवीतली वाळू काढत काढत एक किलोवर आलो, आणि ती एक किलो त्यानं तीनदा उचलली. दुसऱ्या दिवशी पाचदा. दुखत होतं, आणि तरी तो उचलत होता, आणि मी शेजारी उभी राहून तोंड गच्च मिटून होते. माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम ते. दहा दिवसांत तो पुन्हा आधीच्या वजनावर आला. त्यानंतर पट्टा घरीच राहू लागला.

वर्ष उलटल्यावर आम्ही तिघं रजिस्टर घेऊन बसलो. मी चष्मा दोनदा पुसला. तिन्ही रकाने जवळपास सारखेच. माझे पेशंट सुधारले होते, मेश्रामांचेही, लांजेवारबाईंचेही. काही जण तिन्हीकडे तसेच्या तसे राहिले होते. माझी बारीक बोटं, माझा पुण्याचा अभ्यास, यांचा वेगळा असा काही ठसा कुठे दिसत नव्हता. फरक दिसला तो शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांत. सांगितलेलं जे करत राहिले होते ते बहुतेक बरे होते, आणि ज्यांनी सोडलं ते परत रांगेत होते. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब माझ्या रकान्यात होते. टेबलावर पडून पेपर वाचायचे आणि "मशीन लावा हो" म्हणायचे. त्यांनी माझे व्यायाम घरी एकदाही केले नाहीत, पण कुत्रा पाळला आणि त्याला दोन्ही वेळ फिरवता फिरवता बरे झाले. त्यांना कोणाच्या रकान्यात धरायचं यावर आमचं पुन्हा भांडण झालं.

"हे आपल्या बैठकीत वाचून दाखवायचं का?" मेश्रामांनी विचारलं. त्यांचाही पक्ष जिंकला नव्हता, तेही जरा हिरमुसले होते.

"मी वाचते," मी म्हणाले.

दवाखान्याच्या सगळ्या लोकांसमोर मी ते वाचलं. माझ्या हाताखालच्या ज्या मुलींना मी वर्षानुवर्षं 'आधी पोट आवळा, मगच हला' असं दटावून शिकवलं होतं, त्या समोर बसलेल्या होत्या. मग मी कागद बाजूला ठेवून वसंताच्या कपाटातल्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली, माझ्या सहीसकट. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आपण शिकवायचं काय?" मी म्हटलं, तिन्ही शिकवायचं. आणि पेशंटला आधी विचारायचं, काय करायला आवडेल, आणि भीतीनं काय सोडून दिलंय.

माझे ते पोटाचे व्यायाम मी अजूनही शिकवते, ज्यांना आवडतात त्यांना. चांगले आहेत. एकुलते एक नाहीत, एवढंच. रुखरुख वेगळीच आहे. वसंता सापडला, कारण त्याच्या नावापुढची जागा रिकामी होती. ज्यांची नावं कुठल्याच रजिस्टरात नव्हती अशा किती माणसांना मी शिबिरांमध्ये अर्ध्या अर्ध्या मिनिटात 'आयुष्यभर' लिहून दिलं असेल? भेटतील त्यांना मी सांगत असते. कुणाच्या घरी तशी माझी चिठ्ठी असेल आणि हे छापलेला अंक त्यांच्या हाती पडला, तर कृपा करून ती फाडा आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा.

निवृत्तीनंतर मागच्या महिन्यात मी इतवारीत पितळी समई घ्यायला गेले होते. कापडबाजाराच्या बोळात ही गर्दी. एका टेम्पोतून गाठी उतरत होत्या. एका माणसानं वाकून गाठ पाठीवर घेतली, एकदा हिसका देऊन ती जागेवर बसवली आणि तो सरळ माझ्याच दिशेनं चालू लागला. वसंता. कमरेला पट्टा नाही. घाम, श्वास, रुंद पावलं. मला इतका आनंद झाला की मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात वर केले.

"वसंतभाऊ! ओळखलं का? कंबर कशी आहे?"

"दुखते कधी कधी," तो गाठीखालून म्हणाला. त्यानं पाऊलही थांबवलं नाही. "बाजूले व्हा मॅडम, मागून आणखी माल येऊन राहिला."

मी भिंतीला चिकटून उभी राहिले आणि त्याला वाट दिली.